शेवटून दुसरं नाव

साखरपुड्यात मठ्ठा कमी पडल्याचं प्रकरण पुरतं निवलं नव्हतं, तोवर पत्रिकेचं पेटलं. वैजापूरकरांच्या घरात माणसं दुरावायला भांडण लागत नाही, लग्नपत्रिका पुरते. श्रीनिवासच्या लग्नात धाकट्या काकांचं नाव चुकून 'व्यवस्थापक' या सदराखाली छापलं गेलं होतं. काका आले, अक्षता टाकल्या आणि "व्यवस्थापकानं आधी जेवू नये" एवढं बोलून मांडवाबाहेर पडले. त्यानंतर ते सगळ्यांना एकदम त्यांच्या तेराव्यालाच भेटले.

ही चूक पुन्हा नको म्हणून भाचीच्या, म्हणजे सईच्या, पत्रिकेचा मसुदा श्रीनिवासने स्वतः केला. सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून त्याची मसुद्याची भूक भागत नव्हती. रविवारी सकाळी ज्योतीनगरच्या फ्लॅटमध्ये, आईच्या जेवणाच्या टेबलावर, त्याने तो कागद मांडला आणि चारही कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. पंखा चालू होता. शिवाय मसुदा उडून जाऊ नये, असं त्याला वाटत होतं. तसं वाटणारा त्या खोलीत तो एकटाच होता.

हिमानीने चष्मा चढवला. मुलगी तिची. लष्कराच्या छावणीत 'सई मेडिकल' नावाचं दुकान चालवून तिने ती वाढवली होती. आयुष्यभर डॉक्टरांचं अक्षर वाचत आल्यामुळे तिला कुठलाही कागद वाचायला वेळ लागत नसे. हा मात्र तिने दोनदा वाचला.

"दादा, मी स्वागतोत्सुक आहे?"

"म्हणजे? नाहीस का?"

"दोन माम्या, तीन मावश्या आणि मी. वर 'निमंत्रक' म्हणून तू. आणि तुझ्या खाली अतुल."

"अगं, स्वागतोत्सुक म्हणजे मान असतो."

"स्वागतोत्सुक म्हणजे दारात उभं राहून गुलाबपाणी उडवायचं. दादा, मला बोलवायचंय. माझ्या मुलीच्या लग्नाला लोकांना मी बोलावतेय. निमंत्रक मी."

श्रीनिवासने वाट्या उगाच सरळ केल्या. हिमानी भांडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती औषधाची मात्रा सांगावी तशी बोलत होती.

"हे बघ, वडील गेले, आता घरातला मोठा मी. रीत आहे ती. आणि मुलीला बाप आहे. अतुलचा फोन आला होता मला. सभ्यपणे बोलला."

"सई पाच वर्षांची असताना पुण्याला गेला तेव्हाही सभ्यपणेच गेला होता. बॅगसुद्धा आवाज न करता भरली."

"पत्रिकेत नाव असेल तर येतो म्हणाला."

सई सोफ्यावर मोबाईल घेऊन बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा आला तर मला आवडेल, मोठे मामा. पण आईनं बोलावलं म्हणून येऊ दे. तुम्ही नेमणूक केली म्हणून नको."

"बघा!" श्रीनिवास कुणाला तरी उद्देशून म्हणाला. त्याची बायको तनुजा लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्यात होती, त्यामुळे त्याच्या बाजूने "बघा ना" म्हणणारं कुणी नव्हतं. म्हणून तो बंद दाराकडे बघत म्हणाला, "उठू दे विशूला. त्याचा तर धंदाच आहे हा. नावं कुठं लावायची, याचा."

बंद दारामागे विश्वजित वैजापूरकर, हॉलिवूडचे निर्माते, थोरल्या भावाचा पायजमा घालून घोरत होते. त्यांची बॅग दिल्लीतच राहिली होती.

* * *

विश्वजित नक्की काय करतो, हे सरोजिनीबाईंना सोसायटीतल्या बायका वर्षातून एकदा तरी विचारत. बाईंनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता. अवघड गोष्ट नकाशावर दाखवता आली की सोपी होते, असा त्यांचा अनुभव. पण हे दाखवायला नकाशा नव्हता.

"दिग्दर्शक आहे का?"

"नाही."

"मग नट?"

"छे."

"मग पैसे घालतो सिनेमात?"

"घालतो. दुसऱ्यांचे."

इथे बायका आदराने माना हलवत. दुसऱ्यांचे पैसे घालणारा माणूस मोठाच असणार, याबद्दल शहरात दुमत नव्हतं.

खरं तर सरोजिनीबाईंना त्याचं काम फार आधी कळलं होतं, तो स्वतः ओळखायच्याही आधी. विशू इंजिनीअरिंगला असताना दौलताबादच्या किल्ल्यावर परदेशी मंडळी सिनेमा करायला आली होती. दुभाषा म्हणून हा गेला. चित्रण सुरू झालं आणि खाली गावात वरात निघाली. बँड थांबेना. गोऱ्यांचा साहेब पैसे घेऊन खाली उतरला, तसा बँड आणखी जोरात वाजू लागला. पैसे बघून वाजायचं थांबणारा बँड अजून जन्मायचाय. मग विशू गेला. नवरदेवाला म्हणाला, घोड्यासकट तुला सिनेमात घेतो, पण मी हात वर केला की सगळ्यांनी गप्प, आणि खाली केला की वाजवायचं. संध्याकाळपर्यंत अख्खी वरात त्याच्या हाताकडे बघत होती. मुलीकडचे दारात आरती घेऊन ताटकळले, त्यांनाही त्याने आणून एका दृश्यात उभं केलं. लग्न लागलं, सिनेमा झाला, दोन्हीकडचे लोक खूश. जाताना साहेबाने पत्ता दिला.

त्या पत्त्यावर पोचल्यावर त्याला पहिलं काम मिळालं ते चित्रीकरणाच्या गाड्या कुठे लावायच्या हे सांगण्याचं. वडील जाईपर्यंत लोकांना सांगत, "विशू तिकडं वाहतूक खात्यात आहे." मग तो हिशेब बघू लागला, मग वेळापत्रकं, मग एका बुडत्या सिनेमाचे तीन रुसलेले नट त्याने एकाच आठवड्यात परत आणले, आणि तिथून पुढे बुडते सिनेमे त्याच्याकडे येऊ लागले. नंतर तरंगतेही येऊ लागले. यंदाच्या मार्चमध्ये, इकडे पहाट असताना, तिकडच्या सगळ्यात मोठ्या समारंभात वर्षातल्या सर्वोत्तम चित्रपटाचं नाव पुकारलं गेलं. ते बक्षीस दिग्दर्शकाला नसतं, नटाला नसतं, निर्मात्याला असतं. काळा कोट घातलेला विशू पायऱ्या चढला, आणि सरोजिनीबाई हातातलं दुधाचं पातेलं तसंच धरून टीव्हीपुढे उभ्या राहिल्या. तो इंग्रजीत दोन वाक्यं बोलला आणि तिसरं मराठीत: "आई, झालं गं."

दूध उतू गेलं असतं, पण गॅस लावायचाच राहिला होता.

एका माणसाला मात्र त्या सिनेमाचा सल होता. श्रीनिवासने सगळी सोसायटी मल्टिप्लेक्सला नेली होती. सुरुवातीला नावं येऊ लागली: नट, नटी, कपडे, संगीत, संकलन, छायाचित्रण. प्रत्येक नावाला श्रीनिवास टाळीसाठी हात उचले आणि खाली ठेवे. विशूचं नाव आलं ते शेवटून दुसरं. कपडेवाल्याच्याही नंतर. मध्यंतरात त्याने समोसा खाल्ला नाही. घरी येऊन त्याने त्या अमेरिकन कंपनीला सविस्तर इंग्रजी ईमेल लिहिली, कलमवार, आणि पाठवण्याआधी घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवली.

* * *

विश्वजित उठून बाहेर आला तेव्हा सिल्लोडहून पाहुणेही येऊन थडकले होते. नवरामुलगा प्रणय पुण्यात नोकरीला. त्याचे वडील रामकिसन यांची सिल्लोडला मका-कापसाची आडत. रामकिसनभाऊंनी गाडीतून मक्याच्या कणसांचं पोतं काढून दारात ठेवलं आणि स्वतः खुर्चीत बसले. मागोमाग भागूबाई आल्या, त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हॉलिवूडकडे नीट निरखून पाहिलं. हॉलिवूडचा पायजमा घोट्याच्या वर होता.

"पाहिला बरं का साहेब तुमचा पिच्चर," रामकिसन म्हणाले. "मोबाईलवर. ते मक्याचं वावर लई आवडलं. काय कणीस हो! हायब्रीड हाये का?"

"खोटं आहे ते," विश्वजित म्हणाला. "त्या वर्षी तिकडं पाऊसच नव्हता. सगळं पीक वाळलेलं. हिरवा रंग मारून घेतला आम्ही."

"वावराला?"

"अख्ख्या. फवाऱ्यानं."

रामकिसन खुर्चीत पुढे सरकले. सिनेमाबद्दल त्यांच्या मनात आत्ता कुठे खरा आदर निर्माण झाला होता.

"मंग तुमी सोता काय करता भाऊ?" भागूबाईंनी विचारलं. "रंग मारता?"

"नाही हो. माणसं गोळा करतो. आणि पिक्चर पुरा होईपर्यंत एकालाही रुसून उठून जाऊ देत नाही."

"म्हंजी लगीनच की."

"लगीनच. फक्त तिकडं रुसलेल्याला पैसे देता येतात."

भागूबाई हसल्या. श्रीनिवासला ती संधी वाटली. त्याने मसुदा व्याह्यांपुढे सरकवला. रामकिसनभाऊंनी तो वाचला, उलटा करून मागे काही आहे का पाहिलं आणि म्हणाले, "एवढीच नावं? आमची पत्रिका पाहा, चार पानाची झाली. दोन माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, सगळ्यांचे फोटू. तरी तिघं रुसून हायेत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या घरात मला बोलता नाय येत. पण पोरीच्या बापाचं नाव पाहिजे बरं का. आमच्याकडं पत्रिका हातात घेतली की मानसं पहिलं तेच पाहत्यात. नसलं की विचारत्यात, कामून नाय? मंग मला सांगत बसावं लागंल."

"सांगा की मग," भागूबाई म्हणाल्या. "एऱ्हवी आडतीवर दिवसभर काय करता?"

"तू थांब जरा."

विश्वजितने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. वीस-पंचवीस वर्षं तो अशाच खोल्यांत बसत आला होता. तिथे फक्त खुर्च्या महाग असत. अशा वेळी सगळ्यांशी एकदम बोलायचं नाही, एकेकाला बाजूला घ्यायचं, हे त्याचं साधन. त्याने श्रीनिवासला बाल्कनीत नेलं. दादा म्हणाला, "माझं म्हणणं एवढंच, की आजवर घराची सगळी कामं मी केली आणि लोक तुला ओळखतात. ते असू दे. निदान पत्रिकेवर तरी." मग रामकिसनभाऊंना गाडीपाशी नेलं. ते म्हणाले, "मला काय अडचण नाय, पण लोकं." मग अतुलला फोन लावला. अतुल सभ्यपणे म्हणाला, की त्याला कशाचाच आग्रह नाही, फक्त नाव असावं. आईला स्वयंपाकघरात गाठलं. आई म्हणाली, "सगळे आले पाहिजेत. कसं ते तू बघ."

हिमानीला त्याने विचारलंच नाही. तिचं म्हणणं काय आहे ते त्याला माहीत होतं.

परत टेबलाशी येऊन त्याने पेन घेतलं आणि 'निमंत्रक'पुढची दोन्ही नावं खोडली. त्या जागी लिहिलं: समस्त वैजापूरकर परिवार.

"कुणाचंच नाव नाही. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. खाली वधूच्या ओळीत आईबापांची नावं येतीलच."

श्रीनिवासने विचार केला. समस्त परिवारात सगळ्यात मोठा कोण, हे लोकांना माहीत होतंच. "चालेल," तो म्हणाला. "हां, हे बेस झालं," रामकिसन म्हणाले. सरोजिनीबाईंनी सुस्कारा सोडला. पाच मिनिटांत निकाल. हॉलिवूड ते हॉलिवूड, असं श्रीनिवासच्या मनात येऊन गेलं आणि भावाचा अभिमान त्याच्या छातीत नेहमीच्या जागी येऊन बसला.

तेवढ्यात नळ आला.

या शहरात पाणी चार-सहा दिवसांनी येतं आणि आलं की पाहुणे, लग्नं, मतभेद, सगळं जागेवर सोडून लोक उठतात. हिमानी उठली. आत जाऊन तिने पिंप लावलं.

* * *

विश्वजित हंडा घेऊन मागोमाग गेला. तिने पाइप धरला होता. आवाजामुळे बाहेर ऐकू जाण्याची भीती नव्हती.

"राग आला?"

"नाही रे. छान केलंस." तिने पाइप दुसऱ्या पिंपात टाकला. "विशू, तू सिनेमेही असेच पुरे करतोस ना? जो सोडून जाणार नाही, त्याच्यातलंच कापतोस."

त्याने पिंपात डोकावून पाहिलं.

"दादा रुसेल. अतुल येणार नाही. व्याही लोकांना घाबरतात. मी कुठं जाणार आहे? माझ्याच मुलीचं लग्न. मी येणारच. म्हणून माझं काढलंस."

पिंपात पाणी चढत होतं. विश्वजितला पुष्कळ नावं आठवत होती. सिनेमावर सगळ्यात जास्त जीव असलेली माणसंच सगळ्यात कमी पैशांत काम करतात, हे त्याच्या धंद्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं आणि कुणीही मोठ्याने न बोललेलं गणित होतं. मोठ्या नटाच्या गाडीचा खर्च कधी कापला जात नाही.

"खरंय," तो शेवटी म्हणाला. "पण हिमा, तिथं मी पैसे कापतो. नाव नाही कापत कुणाचं. कपडेवाल्याचंसुद्धा."

"मग माझं कसं कापलंस?"

त्याने हंडा खाली ठेवला आणि पाइप तिच्या हातातून घेतला. "जा तू बाहेर. काय म्हणायचंय ते म्हण. मी पाणी भरतो."

"तू बोलणार नाहीस?"

"नंतर बोलतो. आधी मला निकाल देणाऱ्याच्या खुर्चीतनं उठू दे."

हिमानीने पदराला हात पुसले. बाहेर जाताना तिला वाटलं, दुकानात दारू पिऊन आलेले जवान आणि प्रिस्क्रिप्शनशिवाय झोपेच्या गोळ्या मागणारे कर्नल आपण एकटीने परतवले. घरच्या टेबलाशी मात्र आपण पाणी भरायला उठतो.

"हा कागद मला चालणार नाही," ती म्हणाली.

श्रीनिवास चहाचा कप तोंडाशी नेत होता. "अगं, आत्ता तर ठरलं!"

"दादा, तू त्या अमेरिकन कंपनीला ईमेल लिहिलीस. त्यात तिसरं कलम काय होतं?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"मला पाठ आहे, तीनदा वाचून दाखवलीस. 'ज्याने कष्ट केले त्याचे नाव आधी यावे. वयाने वा पदाने मोठा कोण, हे पाहू नये.' सईच्या शाळेत फॉर्मवर सह्या कुणी केल्या? डेंग्यू झाला तेव्हा रात्री दुकानाच्या बाकावर तिला निजवून गल्ल्यावर कोण बसलं? कष्ट कुणी केले ते तू सांग. तू सांगशील त्याचं नाव घालू."

सईने पहिल्यांदाच मोबाईल उलटा ठेवला.

श्रीनिवास निवृत्त अधीक्षक होता. स्वतःच्याच मसुद्यातलं कलम स्वतःवर लागू होतं तेव्हा नाकारता येत नाही, हे त्याला शिकवावं लागत नव्हतं. त्याने कप खाली ठेवला. "ते मी विशूसाठी लिहिलं होतं," तो बारीक आवाजात म्हणाला.

"माहितेय."

आतून विश्वजित आला. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला होता. "दादा, ती ईमेल कंपनीनं माझ्याकडं पाठवली होती."

"काय?" श्रीनिवास उठलाच. "मग तू बोलला नाहीस! काय म्हणाले ते?"

"ऑफिसात फ्रेम करून लावलीय मी. येणारा प्रत्येक जण वाचतो. पण एक गोष्ट तुला कुणी सांगितली नाही. तिकडं उलटं असतं. जितकं शेवटी, तितकं मोठं. सगळ्यात शेवटी दिग्दर्शक, त्याच्या आधी निर्माता. शेवटून दुसरं म्हणजे—"

"म्हणजे मोठं?"

"फार मोठं."

श्रीनिवास हळूहळू खाली बसला. मल्टिप्लेक्समधला न खाल्लेला समोसा त्याला आठवला.

"आणि अजून एक." विश्वजित खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसला. "त्याच पिक्चरमध्ये एक म्हातारा नट आहे. थोडंसंच काम, पण फार मोठं नाव. पहिलं नाव हिरॉइनचं, तो हक्क तिचाच होता. म्हातारा म्हणाला, दुसरं लावलंत तर मी येत नाही. मी त्याला नटांच्या यादीत शेवटचं दिलं."

"आणि आला?"

"शेवटच्या नावाआधी एक शब्द लावला. 'आणि'. सगळी नावं होतात, जरा थांबतं, मग 'आणि अमुक अमुक'. लोकांना कळतं की हा बाकीच्यांतला नाही. याच्यावाचून ओळ पुरी होत नव्हती. तिकडं या एका शब्दावरून वकील महिना महिना बसतात."

श्रीनिवासने मसुद्याकडे पाहिलं. मग कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणून पाहिलं, "आणि... श्रीनिवास वैजापूरकर."

"निमंत्रक हिमानी. एकटी. खाली बाकी सगळा परिवार. शेवटी हे."

"ओळ वेगळी?"

"वेगळी. वर थोडी मोकळी जागा."

"ठळक?"

"दादा."

"विचारतोय फक्त."

रामकिसनभाऊ अस्वस्थ झाले होते. "आन् मुलीच्या बापाचं?"

"बाप आहे, हे खरं आहे," हिमानी म्हणाली. "वधूच्या ओळीत छापू, माझ्याशेजारी. खऱ्याला माझी ना नाही. बोलावणारी मी आहे, एवढंच. अतुलला मी फोन करते. यायचं असेल तर माझ्या बोलावण्यानं येईल."

"येईल," सई म्हणाली. "नाही आला तर त्याचं जेवण वाचेल, मठ्ठा पुरेल."

"पर लोकं—" रामकिसन.

"अवो, बाईच्या नावानं बोलावणं आलं म्हणून सिल्लोडची लोकं जेवायची राहतील व्हय?" भागूबाई म्हणाल्या. "बुंदी बाईच्या नावची हाय का बाप्याच्या, कोण पाहतंय? मी तर म्हंते आपल्याबी पत्रिकेत माझं नाव टाका. चार पानं झाली, मी कुठंच नाय. शेजारच्या मोनिकाचं पोरगंसुदिक हाये."

रामकिसनभाऊंनी बायकोकडे पाहिलं, मग तो विषय चार लोकांत वाढवणं धोक्याचं आहे असं ठरवून विश्वजितकडे वळले. "साहेब, ते 'आणि' आमच्याबी पत्रिकेत टाकता येतील का? पाच-सहा पायजे होते."

"एकच टाकता येतो, रामकिसनभाऊ."

"मंग नगं. एक कोणाला द्यावा, ह्याच्यावरून आमच्यात डोकीच फुटतील."

सरोजिनीबाई दारात उभ्या होत्या. गेले काही महिने सोसायटीत त्या धाकट्याची आई म्हणून मिरवत होत्या. आत्ता त्यांचं लक्ष धाकट्याकडे नव्हतं. कागदावर स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने लिहिणाऱ्या मुलीकडे होतं. तिने ते नेहमीच्या, दुकानाच्या बिलावरच्या अक्षरात लिहिलं, आणि मग त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली.

मसुद्याचा फोटो गुलमंडीच्या छापखान्यात गेला. थोड्याच वेळात श्रीनिवासचा फोन वाजला. त्याने तो सवयीने सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. पलीकडे पुंजाराम छापखानेवाले होते. या घराच्या तीन पिढ्यांची लग्नं आणि काकांचं 'व्यवस्थापक' त्यांच्याच हातून छापलं गेलं होतं.

"साहेब, लावून बघितलं. झकास बसतंय. ते 'आणि'चं मला वाटलं चुकून राह्यलं, पण ठेवलं तसंच. एक फक्त विचारायचं होतं. निमंत्रकात ताईंचं नाव एकटंच आहे. पुढं काय लावू? सौ. की श्रीमती?"

सौ. खरं नव्हतं. श्रीमती म्हटलं की सिल्लोडपासून ज्योतीनगरपर्यंत लोक अतुल वारला असंच समजणार आणि हिमानीला फोन करून धीर देणार. सरोजिनीबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. रामकिसन छताकडे बघू लागले. विश्वजितकडे तोडगा होता. तोंडाशी आलेला त्याने गिळला.

"काही लावू नका, पुंजारामभाऊ," हिमानी म्हणाली. "नुसतं नाव."

"नुसतं? ताई, पुढं काहीच नसलं तर रिकामं दिसतं हो ते. पहिलंच नाव. एवढी जागा सुटते. लोकांना वाटंल टाईप पडला. माझा अनुभव आहे, श्रीमती टाकू, कुणी काय—"

श्रीनिवासने फोन उचलला.

"पुंजाराम, जागा सुटते ना?"

"हो साहेब."

"मग नाव मोठं कर. जागा भरेल."

"केवढं करू?"

"सगळ्यात मोठं."

"सगळ्यात? साहेब, वर गणपती आहे. गणपतीपेक्षाही?"

श्रीनिवासने बहिणीकडे पाहिलं. मग रीत न सोडणाऱ्या माणसाने द्यावं तसं, नीट विचार करून उत्तर दिलं.

"गणपतीच्या खालोखाल."